रिपोर्ट नॉर्मल हाय

मनाच्या आजारात मेंदूत नेमकं काय होतं, ते स्कॅनमधून शोधायचं, हा माझा पुण्यातला अभ्यास. आमच्या गावी, अंथुर्ण्यात, त्याला ‘डोक्याचं फोटू काढती’ म्हणतात. तेही चुकीचं नाही. पुष्कळ लोकांचे फोटो एकत्र केले की आजारी आणि निरोगी मेंदूंत बारीकसा फरक दिसतो. एकट्या माणसाच्या फोटोवरून मात्र हा आजार ओळखता येत नाही. आणि आमच्या घरात आजारी माणूस एकच, माझा थोरला भाऊ.

दादाला कुणी नसताना आवाज ऐकू यायचे. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते जवळजवळ थांबले. तो पुन्हा गाईंच्या धारा काढू लागला, माझी टिंगल करू लागला. पण तात्यांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, पालुपद चालूच. "जगाची डोकी तपासतीस, मग भावाचं का न्हाय?" शेवटी वैतागून मी बारामतीत त्याचा एमआरआय करून घेतला. गरज नव्हती. तात्यांचं तोंड बंद व्हावं एवढंच हवं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बघायचं होतं.

फोनवर मी म्हणाले, "तात्या, रिपोर्ट नॉर्मल हाय." नॉर्मल म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही; आजार आहेच, गोळ्या चालू ठेवा, हेही सांगितलं. पण आमच्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला की माणूस ठणठणीत, पुढचं कोण ऐकतंय? तात्यांनी रिपोर्ट लॅमिनेट करून पाहुण्यारावळ्यांना दाखवला, मोरगावला जाऊन पेढे वाटले. गोळ्या त्याच आठवड्यात बंद झाल्या. मला कळायला दोन महिने लागले, कारण फोनवर सगळे "बरं हाय" म्हणायचे आणि मला तेच ऐकायचं होतं.

मी पोचले तेव्हा दादा भर उन्हाळ्यात कानांना मफलर गुंडाळून गोठ्यात बसला होता. पार वाळला होता. मी गोळी पुढे केली, ती त्यानं बाजूला सारली आणि मला समजावत म्हणाला, "आगं, तुज्याच मशीननं सांगितलं न्हवं, डोक्यात काय न्हाय म्हणून? मग ही बोलत्यात ती बाहीरचीच माणसं की."

आधी कितीही बिघडला, तरी हे आपल्याच डोक्यातलं आहे एवढं त्याला कळायचं. तेवढाच एक आधार होता त्याला. तो मी काढून घेतला.