हिराकाकीची पिल्लं

मिशा पांढऱ्या झाल्यावर मला कोणी ‘पिल्ला’ म्हणून हाक मारील, असं वाटलं नव्हतं. वसईला पापडी गावाजवळ आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा कुंपणापलीकडेच हिराकाकीचं कौलारू घर होतं आणि परसात कोंबड्या. किल्ली विसरून मी एकदा खाली ताटकळत उभा होतो. पलीकडून आवाज आला, “आरं पिल्ला, उन्हात कशाला? ये, पानी पी.” मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

तिच्या लेखी सगळीच पिल्लं. मांजराचं आणि कुत्र्याचं तर होतंच, पण गाईचं वासरू, शेळीचं करडू आणि मीटर बघायला येणारा दांडगा माणूससुद्धा पिल्लूच. आमच्या इमारतीत एक अफवा उठली, तेव्हा मी सहज म्हणालो की कोणीतरी पिल्लू सोडून दिलंय. काकीचा चेहरा उतरला. पिल्लू असं कोणी सोडून देतं का, म्हणाली. पुढे तिच्यासमोर तसं बोलायचं मी टाळलं.

तिचा एक नेम होता. गावठी कोंबडीची पिल्लं न्यायला वसईतून लोक येत, पण ती आईपासून तोडून देत नसे. कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते, दाणा उकरून त्यांच्यापुढे टाकते आणि एक दिवस तीच त्यांना टोचून लांब हाकलते. त्यानंतरच काकी ती देई. गिऱ्हाईक घाई करू लागलं की सांगे, “आई टोचीत नाय तवर ते पिल्लू. नेऊन काय करशील? रडंल ते.”

तिचा मुलगा हरेश चांगला पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला. त्यालाही ती चारचौघांत पिल्ला म्हणे आणि तो मुकाट ओ देई. त्याची बायको नर्स. तिला कॅनडात नोकरी लागली आणि मुलीला घेऊन ती गेली. हरेशचाही व्हिसा आला. काकी घर सोडायला तयार नव्हती आणि आईला एकटं टाकून तो जाईना. आज जातो, उद्या जातो करता करता पावसाळा उलटला. फोनवर मुलगी बाबा कधी येणार म्हणून रडायची. ते काकीच्या कानावर पडायचं.

मग एकाएकी काकीचा नूरच पालटला. हरेशनं आणलेली मासळी तिनं शिळी म्हणून परत पाठवली. बायकोच्या पगारावर बसून खातोस, लाज नाही वाटत, असं अंगणात माझ्यादेखत सुनावलं. पिल्ला म्हणणं तर बंदच झालं, नुसतं हरेश. तो आधी गोंधळला, मग दुखावला आणि शेवटी त्यानं तिकीट काढलं. निघताना तो पाया पडला तेव्हा ती “हां, जा,” एवढंच म्हणाली.

गाडी वळल्यावर मी तिला बोलायला गेलो, जरा रागातच. ती खुराड्याला टेकून बसली होती, पदर तोंडात कोंबून.

“मायेनं सांगितलं आसतं तर गेला नसता,” ती म्हणाली. “त्याचं पिल्लू तिकडं रडतंय. मी माझं किती धरून ठेवू?”

पुढे दर रविवारी त्याचा फोन येई. ती तुटक बोले. जेवलास का, थंडी हाय का, बस. आवाज जरा मऊ झाला तर तो परत येईल, ही तिला धास्ती.

यंदा माघात ती झोपेतच गेली. तिच्यामागे मी दुसऱ्यांदा पोरका झालो, हे सांगताना या वयातही मला संकोच वाटत नाही. हरेश आला. माणसं पांगल्यावर ओटीवर बसून त्यानं मला विचारलं, “काका, आईचा राग शेवटपर्यंत गेलाच नाही का हो?”

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, आणि मग एकदम ‘आये’ म्हणून असा रडला की शेजारच्या बाया धावत आल्या. त्या त्याला गप्प करू लागल्या. मी त्यांना थांबवलं.