सुरमई ओळखणारी

सरस्वतीपुरमच्या नाक्यावर मासे विकणारी ती बाई कारवारची होती. बायको गेल्यापासून या परमुलखात माझ्याशी मराठीत बोलणारी तेवढीच. बर्फातल्या माशावरून ओला अंगठा फिरवून ती सांगायची, ही सुरमई की तिच्यासारखा दिसणारा दुसरा मासा.

मी प्रयोगशाळेत माशांचे डीएनए तपासतो. तपासणीसाठी तिच्याकडे सुरमईचा तुकडा मागितला, तर तिने दोन दिले. "एक तपासा, एक तळून खा. बघू आधी कुणाला कळतं, मशीनला का तुमच्या जिभेला!"

अहवालात आलं, ही सुरमई नव्हे. मीच तिला सांगितलं. ती भांडलीसुद्धा नाही. म्हणाली, "मशीन कसं चुकेल साहेब? माझेच डोळे गेले म्हणायचे."

आठवड्याने लक्षात आलं, तिच्या तुकड्याच्या आणि दुसऱ्या एका माशाच्या नळीवरची लेबलं मीच उलटी लावली होती. तिची सुरमई सुरमईच होती. नोकरीत डाग नको म्हणून मी गप्प बसलो.

त्यानंतर ती प्रत्येक मासा दोनदा उलटून बघायची आणि गिऱ्हाइकांनाच विचारायची, "ही सुरमईच ना हो?"

एकदा मलाही विचारलं. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "तपासावी लागेल."