ग्रॉस आणि नेट

बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारातही नाही — ही गोष्ट मी कुणाजवळ काढलेली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही बापूदादांना ओळखत नाही. ओळखत असता तर इतकंही जमलं नसतं.

मी हुपरीकडचा. आठवीतनं शाळा सोडली आणि साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागलो. तो फिटर म्हणजे बापूदादा कांबळे. पाना कसा धरायचा, चालू मिलजवळ जाताना बाही का दुमडायची, सगळं त्यांनी शिकवलं. टांझानियातल्या एका साखर कारखान्यासाठी एजंट माणसं न्यायला आला, तेव्हा त्याला फक्त दादा हवे होते. दादा म्हणाले, हा येणार असेल तर मी येतो. म्हणजे आज मी जे खातो ते कुणाचं? — हे आधीच सांगून ठेवतो. पुढं धीर राहील असं वाटत नाही.

तिथं पोचलो आणि दोन करार पुढ्यात आले. एकात पगार डॉलरमध्ये, दुसऱ्यात तिथल्या शिलिंगमध्ये. डॉलरची जागा एकच आहे, कोण घेणार ते तुम्हीच ठरवा, उद्या सह्या करा, असं साहेबानं सांगितलं. शिलिंगच्या आकड्यावर शून्यंच शून्यं. डॉलरचा आकडा बघितला तर हेल्परच्या पगाराएवढा.

मला कागदाची भीती लहानपणापासून. त्या संध्याकाळी मी एकटाच ऑफिसातल्या कारकुनाकडं गेलो. गुजराती माणूस, तिथंच जन्मलेला. त्यानं हिंदीत समजावलं — शिलिंगचा पगार 'ग्रॉस' आहे, त्यातनं इथल्या सरकारचा कर कापणार, आणि शिलिंग दर वर्षी पडतंय. डॉलरचा 'नेट' आहे, कर कंपनी भरणार, लिहिलंय तेवढं सगळं हातात. म्हणजे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका.

सकाळी कँटीनमध्ये दादांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि मला वाचायला लावलं. मी अक्षरं लावत लावत ते दोन शब्द वाचले. दादा हसले.

"ग्रॉस म्हंजे बारा डझन की रं. स्टोअरात बोल्टाचं भरलं खोकं येतंय तसं. आन् नेट म्हंजे नेटानं राबायचं आसंल. व्हय न्हवं?"

ते चेष्टा करत होते का? कितीतरी वर्षं मी स्वतःला तसंच सांगितलं. पण चेष्टा करणारा माणूस उत्तरासाठी थांबतो का? दादा थांबले होते — माझ्या तोंडाकडं बघत.

"व्हय," मी म्हणालो. "तुमी थोरलं. भरलं खोकं तुमीच घ्या."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

मग तीन वर्षं. पहिल्या पगारात कर कापलेला बघून दादांनी विचारलं, तुझाबी कापत्यात न्हवं? मी मान हलवली. ते एका शनिवारी बँकेत जायचे, मी मुद्दाम दुसऱ्या. घरी पोचणारे रुपये महिन्यागणिक आटत गेले आणि दादांना वाटलं चूक त्यांचीच. बिडी सोडली. रात्रीचं अंडं सोडलं. "माझाच हात सैल हाय गड्या," असं म्हणायचे. आणि मी समोर बसून जेवायचो.

पहिल्या महिन्यात सांगता आलं असतं. माझ्यातले अर्धे पुढं करता आले असते. का केले नाहीत? कारणं आहेत माझ्याकडं, पण ती इथं लिहीत नाही.

त्यांची सुनीता कोल्हापुरात नर्सिंगला होती. दुसऱ्या वर्षाची फी गेली नाही. ती कागलच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागली, आणि तिथंच राहिली. करार संपल्यावर दादा परत गेले. मी थांबलो, दोनदा करार वाढवून घेतला. डॉलरमध्ये. गावाकडनं जो कुणी येतो तो सांगतो — दादा चारचौघांत म्हणतात, पोरानं मोठा पगार मला दिला, स्वतः बारक्यावर भागवलं.

गेल्या आठवड्यात सुनीताच्या लग्नाची पत्रिका आली. निमंत्रकांत पहिलं नाव माझं, दादांच्या सख्ख्या भावाच्याही वर. खाली कोपऱ्यात पेनानं दोन ओळी आहेत. दादांनी सांगितल्या असणार, अक्षर सुनीताचं आहे.

'बायकापोरांस्नी घिऊन ये. भरल्या खोक्यागत समदी या, पुरं ग्रॉस.'