टेबलफॅनचं तोंड

औंढ्यातले आमचे शेजारी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर असतात. घरी आले की चहाआधी कॉम्प्युटर. प्रोसेसरचा आणि त्यातल्याच ग्राफिक्सचा वेग ते कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा थोडाथोडा वाढवतात आणि टेस्ट लावून तापमान बघत बसतात. "घाई करायची नाही, जळेल," हे मला दर वेळी सांगतात. माणूस फार जपून वागणारा.

मे महिन्यात गेलो, तर घरातल्या एकुलत्या टेबलफॅनचं तोंड कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे होतं. कोपऱ्यात त्यांची आई पदरानं वारा घेत होती.

"मावशी, फॅन तुमच्याकडे वळवू का?" मी विचारलं.

स्क्रीनवरची नजर न काढता शेजारी म्हणाले, "थांबा, टेस्ट चालू आहे."

"ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "त्येचं डबडं लय तापलंय. आत्ताच हात लावून बगितलं म्या."