सरस वाळेपर्यंतची गाणी

लिहायची मला सवय नाही. पण आमच्या बाइंडरविषयी कुणीतरी लिहायला हवं, आणि तो स्वतः जन्मात लिहिणार नाही. आता सगळं मार्गी लागलंय, म्हणून हे धाडस.

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. लोखंडी दाबयंत्र, चिकटवायच्या सरसाचं भांडं, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे. चाळीस वर्षं तो तिथे फाटकी पुस्तकं शिवतोय. निवृत्त झाल्यापासून मी दुपारी तिथे जाऊन बसतो. दोघंही बोलण्यात कच्चे, त्यामुळे आमचं छान जमतं. त्याच्या एका कानात कायम इअरफोन. काय ऐकतोस विचारलं, की म्हणायचा, "काही नाही रे, बातम्या." बातम्यांवर कुणी पायानं ठेका धरत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण खोदून कशाला विचारा?

गेल्या महिन्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस काम बंद. आणि नेमकी वाचनालयाची बारा जुनी पुस्तकं शुक्रवारी द्यायची होती. तेव्हा त्याची मुलगी पुढे आली. तिची शिवण बापापेक्षा सुबक, फक्त सरसापाशी हात डळमळायचा. लवकर कव्हर चढवलं तर घसरतं, उशीर झाला तर धरत नाही.

"ही बारा करून बघते, बाबा," ती म्हणाली. "जमली तर दुकान मी घेते. नाही जमली, तर तुम्ही पुन्हा गळ घालायची नाही."

दुकान आपल्यामागे बंद पडणार, या विचारानं तो वर्षभर आतून खंगत होता. ते त्यानं मला कधी सांगितलं नाही; मीच ओळखलं होतं.

मग त्यानं मोबाइलमधली गाण्यांची यादी तिला पाठवली. तेच त्याचं घड्याळ होतं. नऊ गाणी. काही लोकगीतं, कुठल्या कुठल्या खेड्यांतली. बाकीची नाव नसलेल्या पोरापोरींची, आपल्या खोलीत बसून गिटारवर म्हटलेली. सरस लावला की पहिलं सुरू करायचं; तिसरं, होडीवाल्यांचं, संपलं की कव्हर चढवायचं.

"हसेल का रे ती?" त्यानं मला विचारलं. "या वयात असली गाणी म्हणजे..."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी बसलो होतो, तेव्हा तिचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, तीन पुस्तकांना एकदम सरस लावला, तिन्हींची कव्हरं घसरली! मी सांगत होते ना, माझ्याच्यानं होणार नाही!"

"अगं, होडीवाल्यांचं संपेपर्यंत थांबलीस का?"

"थांबले की! ते संपलं आणि चढवलं."

"आणि त्याआधीची दोन?"

"आधी कुठली? तेच पहिलं लागलं."

बाइंडरनं फोन माझ्या दिशेनं सरकवला. मोबाइलमधलं मला फारसं कळत नाही, पण नातीनं एकदा एक गोष्ट दाखवली होती. मी चाचरत म्हणालो, "गाणी उलटसुलट लावायचं एक बटण असतं बघ. ते चालू नाही ना?"

तिनं तपासलं. "अय्या! काका, आहे हो चालू!"

"पानं भिजलीत का?" बाइंडरनं घाईनं विचारलं.

"नाही. नुसती पुस्तकांची पाठ ओली आहे."

"मग काही गेलं नाही. सोडव, पुसून काढ, नव्यानं लाव. सुरू करताना सांग."

तिनं सांगून फोन ठेवला, तसं त्यानं मलाही इथे पहिलं गाणं लावायला लावलं. मोठ्यानं. आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. तिसरं संपलं, तसा त्यानं हात वर केला आणि समोरच्या भिंतीला म्हणाला, "चढव आता."

तिचा फोन येईना. चौथं सरलं, पाचवं सरलं. बाइंडर टॉवेलनं मान पुसत होता. सहाव्याच्या मध्यावर फोन वाजला.

"बसलं, बाबा! तसूभरही हललं नाही. आणि एवढी चांगली गाणी इतकी वर्षं एकटेच ऐकत होतात? कमाल आहे तुमची!"

तो काहीतरी पुटपुटला. हसत होता बहुतेक.

"बरं, सुताराला बोलावू का?" ती पुढे म्हणाली. "टेबल उंच करून हवंय. मला काही तुमच्यासारखं जन्मभर वाकून काम जमणार नाही."

"बोलाव, बोलाव," तो म्हणाला. "छताला लाव हवं तर!"