खारबावचा बांध टिकला

भिवंडीच्या एस.टी. स्टँडवर उतरलो तेव्हा दसरा नुकताच झाला होता. लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि गटारातून कापड रंगवल्याचं निळं-तांबडं पाणी खाडीकडे चाललं होतं. आपला देश निसर्गाला किती जपतो, असं त्या घटकेला कोणी विचारलं असतं, तर मी नुसतं त्या पाण्याकडे बोट दाखवलं असतं.

आम्ही वऱ्हाडातली माणसं. खाडी कशी असते ते पाहावं म्हणून कॉलेजातला मित्र काशिनाथ पाटील याच्या गावी, खारबावला निघालो होतो. गावात शिरताच भाताची खाचरं लागली. लोंब्या भरत आल्या होत्या. खाचरं आणि खाडी यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध, आणि बांधापलीकडे तिवरांची (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) दाट रांग. रात्री काशिनाथच्या आईने, जनाबाईंनी, तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणारे मासे) कालवण वाढलं. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी दोनदा मागून घेतलं.

सकाळी उठलो तो गावात धावपळ. रात्रीच्या उधाणाने बांधाला खांड (भगदाड) पडली होती. दुपारची भरती त्याहून मोठी येणार होती. खारं पाणी आत शिरलं की उभं पीक गेलंच, शिवाय जमीनही काही वर्षं नापीक राहणार. ज्याचं शेत खांडीला लागून होतं तो दामू कोयता घेऊन तिवरांकडे निघाला. फांद्या तोडून खांडीत कोंबाव्यात, त्याहून झटपट उपाय नाही, असं त्याचं म्हणणं. आणखी चौघे त्याच्यामागे गेले.

जनाबाई वाटेत उभ्या राहिल्या.

"तिवरांना कोयता लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "आज खांड बुजंल, पन पुढच्या उधाणाला लाटंला आडवं कोन हाय?"

"माजं शेत पयलं बुडंल, मावशे."

"त्याच्या बाजूला माजंच हाय, दामू."

दामूने एकवार जनाबाईंच्या शेताकडे पाहिलं. मग त्याने कोयता बांधावर टाकला आणि फावडं उचललं.

काशिनाथच्या थोरल्या भावाने लूमवरची ड्युटी सोडली आणि बैलगाडी भरून सुताची रिकामी पोती आणली. घराघरांतून पेंढा आला. पुरुष चिखल खणून पोती भरत होते, बायका टोपल्या पुढे सरकवत होत्या. त्या रांगेत मीही उभा राहिलो. एकदा पाय घसरून कमरेपर्यंत रुतलो. दोघींनी ओढून बाहेर काढलं, चप्पल मात्र खाडीलाच दिली.

पाणी चढू लागलं. एका जागी पोती हलली, तसा दामू खाडीच्या बाजूला उतरला आणि लाटा अंगावर घेत पोत्यांना पाठ लावून उभा राहिला. त्याच्या शेजारी काशिनाथ, त्याचा भाऊ आणि मी असे तिघे गेलो. पाणी छातीला लागलं, तिथेच थांबलं, आणि हळूहळू उतरू लागलं. आतल्या खाचरांत खाऱ्या पाण्याचा थेंब नव्हता. माणसं हसत होती, रडतही होती; दामू जनाबाईंच्या पाया पडला.

परतीच्या गाडीत अंग ठणकत होतं, पण मन भरून आलं होतं. पर्यावरण हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांतून नुकताच दिसू लागला होता. खारबावात तो एकदाही ऐकला नाही. घरी सगळे विचारतात, मुलूख कसा आहे? मी सांगतो, उभं पीक बुडायची वेळ आली असताना तिथल्या माणसांनी झाडावर घाव घातला नाही, आणि पीकही जाऊ दिलं नाही. हे मी कुठे वाचलेलं नाही. मी त्या पाण्यात उभा होतो.