हवा लागली की पसरतो म्हणे

“गाठ मोठ्या आतड्यात आहे, आणि कॅन्सरचीच आहे,” यवतमाळच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. समोर बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट होता.

आर्णीत माझी पिठाची चक्की आहे. संडासातून रक्त जायचं, तर मूळव्याध समजून मी औषधाच्या पुड्या खात राहिले.

“किती लवकर पसरतो हा?” एवढंच मी विचारलं.

“आधी पॉलिप होतो, म्हणजे आतड्याच्या आत उगवलेला छोटा कोंब. त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेकदा कित्येक वर्षं लागतात. पण एकदा आतड्याची भिंत ओलांडली, की आधी बाजूच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे बारीक गाठींमध्ये, मग यकृतातही जाऊ शकतो.”

सीटी स्कॅनमध्ये यकृत स्वच्छ निघालं. ऑपरेशन ठरलं आणि नेरहून माझा मोठा भाऊ धावत आला.

“तुकडा काढून हवा लागू देली, आता पोटबी फाडतं? चाकू लागला का भडकते तो! आपल्या शेजारची बाई ऑपरेशन केल्यावरच गेली नाही काय?”

मी टरकले. डॉक्टरबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “हवेनं पसरत नाही. लोक उशिरा येतात, तेव्हा तो आधीच पसरलेला असतो.”

मग मात्र मला त्या गाठीचा संताप आला. एवढी वर्षं माझ्या पोटात फुकट राहिली, आणि तिला हात लावायचा नाही?

“दादा, न कापताबी ते वाढूनच राह्यली ना? मंग कापूनच पाहू.”

कापली. काही लिम्फ नोडमध्येही कॅन्सर निघाला, म्हणून किमो घेतली. त्या औषधानं गार पाण्याला हात लागला की सुया टोचल्यासारखं व्हायचं. तरी बरं वाटेल त्या दिवशी चक्कीवर बसायचे. लोक कुजबुजायचे. त्यांना मीच सांगायचे, रक्त दिसलं तर लाजू नका, तपासा.

आज मी ठणठणीत आहे. डॉक्टरबाईंचे उपकार विसरणार नाही. त्यांनीच बजावलं होतं, सख्ख्या भावाचीही कोलोनोस्कोपी करा, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं आतडं बघा. दादा वर्षभर टाळत होता. शेवटी मीच त्याला एसटीत बसवून नेलं.

पॉलिप सापडला. नळीतूनच काढला.

गुंगी उतरल्यावर दादानं डोळे उघडले. “कापलं काय वं?”

“कापलं.”

“हवा लागली असंन मंग?”

“लागली ना दादा,” मी म्हटलं. “कॅन्सर व्हायच्या आधीच लागली.”